फिर्याद मागें घेणें म्हणजे क्षमा होय काय?

मिरजोळ्यासारख्या गांवीं, जेथून रत्नागिरीचें न्यायालय फारसें दूर नाहीं, पत्नीनें नवऱ्यावर छळाची फिर्याद गुदरली म्हणजे घरांत पहिली धांवपळ एकाच गोष्टीसाठीं सुरू होते: खटला काढून कसा घेववावा? वकील गांठला जातो. सासरचीं वडील माणसें सुनेच्या माहेरीं जाऊन बसतात. आणि घर ख्रिस्ती असेल तर मंडळीचे पंच व उपदेशक यांनाही मध्यें घालण्यांत येतें. "उपदेशकसाहेब, आपण तिला दोन शब्द सांगा. ख्रिस्ती बाईनें क्षमा करावयास नको काय?" हा प्रश्न ज्यास विचारला जाईल त्यानें उत्तर देण्यापूर्वीं थोडें थांबावें, म्हणून हा लेख.

आधीं कायदा पाहूं. १९८३ सालीं भारतीय दंडसंहितेंत ४९८-अ हें कलम घालण्यांत आलें. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या ८५ व ८६ या कलमांनीं घेतली आहे. पतीनें अगर त्याच्या नातलगांनीं स्त्रीचा छळ केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व दंड, अशी ही शिक्षा आहे. आपसांत मिटवितां येणाऱ्या गुन्ह्यांची जी यादी नागरिक सुरक्षा संहितेंत दिली आहे तींत हा गुन्हा नाहीं. त्यामुळें पत्नीनें पोलीसठाण्यांत जाऊन "माझी तक्रार नाहीं" असें लिहून दिलें तरी खटला संपत नाहीं; तो सरकारचा खटला असतो. उच्च न्यायालयाकडे अर्ज करावा लागतो. पतिपत्नींचा खरोखर समेट झाला असेल तर तें न्यायालय असा खटला रद्द करूं शकतें, असें सर्वोच्च न्यायालयानें २००३ सालीं बी. एस. जोशी यांच्या प्रकरणांत सांगितलें, व २०१२ सालीं ग्यान सिंग प्रकरणांत मोठ्या पीठानें तेंच कायम केलें. रत्नागिरीकरांचे असे अर्ज पूर्वीं मुंबईस जात; ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरास उच्च न्यायालयाचें फिरतें खंडपीठ बसूं लागलें आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालीं संरक्षण, निवारा, पोटगी यांसाठीं जो अर्ज असतो तो मात्र स्त्रीचा स्वतःचा असतो, व तो तिला सोडून देतां येतो.

आतां ज्यानें खरोखर कांहींच केलें नाहीं त्याची गोष्ट निराळी आहे. न केलेल्या अपराधाचा पश्चात्ताप त्यानें दाखवावा असें कोणी म्हणूं नये. त्यानें उघडपणें आपला बचाव करावा. खटल्याचे कागद हातीं आल्यापासून साठ दिवसांच्या आंत दोषमुक्तीचा अर्ज करण्याची सोय आहे. जो अटकेंत आहे किंवा ज्याची मिळकत ठरलेल्या मर्यादेहून कमी आहे, त्यास १९८७ च्या कायद्यान्वयें जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळूं शकतो. पोलिसांनीं अशा फिर्यादींत यंत्रासारखी अटक करूं नये, असेंही सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं अर्नेश कुमार प्रकरणांत बजाविलें आहे. परंतु "फिर्याद खोटी आहे" असें म्हणणाऱ्या कित्येकांना थोडें अधिक विचारलें तर उत्तर येतें, "मारलें तें एकदांच." एकदांच मारणें कदाचित् ८६ व्या कलमाच्या व्याख्येंत बसणारही नाहीं, वकिलानें तें न्यायालयांत अवश्य सांगावें. व्याख्येबाहेर असणें आणि निर्दोष असणें या दोन गोष्टी मात्र एक नव्हेत, आणि उपदेशकाचा संबंध दुसरीशीं आहे.

ज्यानें हात टाकला आहे व ज्यास तें ठाऊक आहे, त्यानें खटला काढून घेण्याची विनंती करावी काय? येथें पंच मंडळी बहुधा डोंगरावरील प्रवचनाकडे बोट दाखवितात: न्यायालयाच्या वाटेवर असतांनाच वाद्याशीं समेट करावा. पण ती आज्ञा कोणास आहे तें पाहावें. ज्याला न्यायाधीशापुढें नेण्यांत येत आहे त्याला ती आहे. आपल्या प्रकरणांत वादी पत्नी आहे. तेव्हां तें वचन घेऊन तिच्या माहेरीं जाणें म्हणजे एकाच्या नांवचें पत्र दुसऱ्याच्या दारांत टाकणें होय. समेटासाठीं उठून जावयाचें आहे तें त्यानें. जक्कयानेंही परत द्यावयाचें तें आपण होऊन सांगितलें. ज्यांना लुबाडलें त्यांनीं आधीं तक्रार सोडावी, अशी अट त्यानें घातली नाहीं.

हल्लीं नेमकी हीच अट घातली जाते. मुलांचा खर्च, तिचे दागिने, राहण्यास खोली, हें सर्व देऊं, पण आधीं प्रतिज्ञापत्रावर सही कर. जें तिचें येणेंच आहे तें तिलाच विकावयाचें, आणि किंमत म्हणून तिचें मौन घ्यावयाचें, असा हा व्यवहार आहे. याला तडजोड म्हणवत नाहीं. धमकी घालून साक्ष फिरविण्याचा प्रयत्न तर स्वतंत्र गुन्हा आहे. त्यास न्याय संहितेच्या २३२ व्या कलमाखालीं सात वर्षांपर्यंत कैद होऊं शकते.

तथापि दुसरी बाजूही खरी आहे. नवरा तुरुंगांत गेला तर त्याची मजुरी बुडते, व पहिली उपासमार तिच्या मुलांची होते. ती स्वतःच म्हणेल, मला हें पुढें चालवावयाचें नाहीं. अशा बाईस आपल्या तत्त्वासाठीं न्यायालयांत खेंचीत ठेवण्याचा अधिकार कोणत्याही पंचास नाहीं. ती मनापासून क्षमा करूनही खटला चालूं देईल, किंवा क्षमा न करतांच थकून तो सोडील. दोन्ही तिच्या हातांत आहे, आणि एकीवरून दुसरीचें अनुमान आपण करूं नये. आमच्या मतें अपराधी पतीनें देणें द्यावें, तिच्यापासून दूर राहावें, आणि नंतर आपल्या वकिलामार्फत तिच्या वकिलास एकदां, एकदांच, विचारावें. नकार आला तर तो ऐकून घेणें हाही पश्चात्तापाचाच भाग आहे. पुनःपुन्हां विचारणें हा नुसता हट्ट राहत नाहीं. ज्या हातानें पूर्वीं मारलें त्याच हाताची ती ओढ असते.

तिचें खरें मन कळावयाचें तर तिला नवरा व सासू जवळ नसतांना विचारलें पाहिजे. उच्च न्यायालयांतही संमति खुषीची आहे काय, असें पत्नीस विचारण्याची रीत आहे. परंतु रत्नागिरीहून आंबा घाटानें कोल्हापुरास जावयाचें, भाड्याची गाडी नवऱ्याची, पुढें सासरे बसलेले, आणि परत त्याच गाडींतून यावयाचें, अशा बाईनें तेथें उभें राहून काय उत्तर द्यावें? मंडळीला या कामीं कांहीं करावयाचें असेल तर दोन शब्दांचा उपदेश राहूं द्यावा. तिचें व तिनें निवडलेल्या एका सोबतिणीचें एस. टी. चें जाण्यायेण्याचें भाडें मंडळीच्या फंडांतून द्यावें, आणि ती काय सांगून आली हें विचारूं नये.