श्रवण कुणाचं?



आजचं वाचन : दासबोध, दशक ४, समास १. नऊ भक्तींतली पहिली, श्रवणभक्ती. मग ज्यांना नीट ऐकूच येत नाही, त्यांची भक्ती पहिल्याच पायरीवर अडली का?

दादरच्या एका वृद्धाश्रमात आम्ही रविवारी भजनाला जातो. तिथल्या एक आजी हल्ली खोलीतच थांबायच्या. आम्हाला वाटलं, मन रमत नसेल. एकदा शेजारी बसून विचारलं, तर म्हणाल्या, "बाळा, सगळे हसले की मीपण हसते. कशाला, ते कळत नाही."

वयोमानाने आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ पुसट होतात. आवाज येतो, शब्द लागत नाही. ओरडून अक्षरं स्पष्ट होत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना सांगते, साठीपुढच्या २५ टक्क्यांहून अधिक लोकांना हा त्रास गंभीर स्वरूपात असतो.

आता आम्ही उजेडात, गोल करून बसतो. टीव्ही बंद, टाळ हळू, एका वेळी एकच जण बोलतो. अभंग मोठ्या अक्षरांत हातात देतो. मशीनचा सेल आधी बघतो. आजी परत येतात. सगळं ऐकू येतं असं नाही, पण कुठली ओळ चालू आहे ते कळतं.

खरं तर आजींचं ऐकायला आम्हीच विसरलो होतो. श्रवण आमचं कमी पडलं.

आजचा संकल्प : घरातल्या आजी-आजोबांनी "काय म्हणालास?" विचारलं, तर "जाऊ दे, काही नाही" म्हणायचं नाही. समोर बसून, सावकाश, पुन्हा सांगायचं.