कडी कोणत्या बाजूला?

आमचे नाना कुणाच्या घरी गेले की दारासमोर उभे राहत नसत. कडी वाजवायचे, सलाम करायचे आणि बाजूला सरकून रस्त्याकडे तोंड करून थांबायचे. दार उघडले तरी आतून "या" म्हटल्याशिवाय मान वळवायचे नाहीत. लहानपणी मी त्यांना एकदा विचारले होते, "नाना, आपलेच नातेवाईक आहेत ना? मग रस्त्याकडे काय बघायचं?" ते म्हणाले, "घर त्यांचं आहे, बेटा. नजरेलाही इजाजत लागते." परवानगीवाचून दुसऱ्याच्या घरात शिरू नये ही सूरह नूरमधली शिकवण आहे हे मला पुढे कळले. त्या वेळी ती फक्त नानांची एक जुनी सवय वाटली होती.

ही सवय मला आठवली ती फार उशिरा, आणि तीही माझ्या हातून एक चूक झाल्यावर.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिक्षक आहे. बी.एड.बरोबर एमएस-सीआयटीची परीक्षा दिली होती. तेवढ्या भांडवलावर शाळेतले आठ जुने संगणक माझ्या ताब्यात आले आणि त्यांच्यासोबत सगळी ऑनलाइन कामेही आली. २०२२ साली मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना मी एक मोठा तक्ता तयार केला. मुलाचे नाव, आईवडिलांचे नाव, आधार क्रमांक, बँकेचे खाते, वार्षिक उत्पन्न, मोबाइल आणि शेवटी 'शेरा'. नावांच्या स्पेलिंगमध्ये चुका राहू नयेत म्हणून तो तक्ता जसाच्या तसा पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला. "आपापलं नाव तपासा," असे खाली लिहिले. काम पटकन उरकले म्हणून मी स्वतःवर खूश होतो.

दोन दिवसांनी सातवीतल्या एका मुलीची आई शाळेत आली. तिच्या नावापुढच्या शेऱ्यात मी 'तलाकशुदा' असे लिहिले होते. उत्पन्नाच्या दाखल्यावर वडिलांची सही का नाही, याची आठवण राहावी म्हणून. मोहल्ल्यात तिने नवरा आखातात कामाला असल्याचे सांगितले होते. दोन मुलींना घेऊन एकटी राहणारी बाई दुसरे काय सांगणार? ती ओरडली नाही. फक्त एवढेच म्हणाली, "सर, मैं चोरी तो नै की. पर मेरे घर में झाँकने का हक सबको किसने दिया?"

मी तक्ता गटातून काढून टाकला. पण तोवर तो कितीतरी फोनमध्ये उतरला होता. बंदुकीची गोळी निदान एकाच ठिकाणी लागते. अशी माहिती एकदा सुटली की ती कुठे कुठे लागली, हे सोडणाऱ्यालाही कळत नाही.

शिक्षकांच्या खोलीत मी ही गोष्ट सांगितली तेव्हा एक सहकारी सहज म्हणाले, "ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही, त्याला भीती कसली?" हे वाक्य आपण सगळेच ऐकतो, आणि आपणही कधी ना कधी उच्चारलेले असते. इंटरनेटवरची पाळत, कॅमेरे, फोनमधली माहिती, कशावरही चर्चा निघाली की ते येतेच. माझ्या मते त्यात दोन क्रियापदांची गल्लत आहे. एक लपवणे आणि दुसरे झाकणे. चोर माल लपवतो. घरातली बाई भाकरी झाकून ठेवते. भाकरी झाकली म्हणून ती चोरीची ठरत नाही. त्या आईने गुन्हा लपवला नव्हता, जखम झाकली होती. ते झाकण काढायचा अधिकार मला कुणीही दिला नव्हता.

या देशात हा प्रश्न न्यायालयातही बराच काळ लोंबकळत होता. उत्तर प्रदेशातल्या खडकसिंग नावाच्या माणसावर दरोड्याचा आरोप आला आणि पुराव्याअभावी तो सुटला. तरीही पोलीस रात्री-अपरात्री त्याचे दार ठोठावून तो घरी आहे का ते पाहत. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने या रात्रीच्या भेटी घटनाबाह्य ठरवल्या, पण खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे बहुमताने मानले नाही. ते मान्य व्हायला २०१७ चा ऑगस्ट उजाडावा लागला. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्टला एकमताने निकाल दिला, की खासगीपणा हा मूलभूत हक्कच आहे. २०२३ साली डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची संमती घ्यावी, असे त्यात म्हटले आहे. माझा तक्ता त्याच्या आदल्याच वर्षीचा. पण नानांची शिकवण तर माझ्याकडे आधीपासून होती. कायद्याची वाट पाहायला नको होती.

त्या प्रसंगानंतर मी आमच्या संगणकांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. त्यांवरची विंडोज विकत घेतलेली नव्हती. एका दुकानदाराने ती 'टाकून' दिली होती. चोरी पकडली जाऊ नये म्हणून त्याने अपडेट बंद करून ठेवले होते. म्हणजे वर्गात मी अमानतदारीचा धडा शिकवत होतो आणि मुलांची अमानत चोरीच्या पेटीत ठेवत होतो. त्या पेटीचे कुलूपही मोडके होते. २०१७ च्या मे महिन्यात 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने जगभरचे लाखो संगणक बंद पाडले, ब्रिटनमधल्या सरकारी इस्पितळांचेसुद्धा. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवण्याचा अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिला होता. तो न घेतलेले संगणक सापडले. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. हे भोक अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला आधीपासून माहीत होते. आपल्या हेरगिरीसाठी तिने ते दडवून ठेवले. पुढे तिची हत्यारे चोरीला गेली आणि चोरांच्या हाती लागली. 'चांगल्या लोकांसाठी' म्हणून भिंतीत ठेवलेली फट फक्त चांगल्या लोकांनाच दिसेल, याची हमी कुणी देऊ शकत नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज दहाचा नेहमीचा मोफत आधार संपला. आमच्या जुन्या संगणकांना अकरावी आवृत्ती पेलणारी नव्हती आणि नव्यासाठी पैसे नव्हते. पुण्यात इंजिनिअरिंग शिकणारा आमचा एक माजी विद्यार्थी दिवाळीच्या सुट्टीत आला होता. तो म्हणाला, "सर, लिनक्स टाकूया." दोन दिवसांत त्याने सात संगणकांवर लिनक्स मिंट बसवले. दुकानदाराच्या भाषेत 'भंगार' झालेले संगणक पुन्हा चालू लागले. त्यात नोटो नस्तालीक हा मोफत उर्दू फाँट घातला आणि सहामाहीनंतरच्या चाचणीची उर्दू प्रश्नपत्रिका मी त्यावर टाइप केली. चोरी न करता केलेले संगणकावरचे माझे ते पहिले काम असावे.

सगळे सुरळीत झाले असे नाही. जुना प्रिंटर आठवडाभर रुसून बसला. विंडोजमध्ये केलेल्या काही फाइलींची मांडणी विस्कटली. कार्यालयातल्या एका कामाला विंडोजच लागते म्हणून आठवा संगणक आम्ही परवाना विकत घेऊन विंडोजवरच ठेवला. बाजी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, म्हणाल्या, "तुमच्या या फुकटच्या वस्तूला वेळ फार लागतो." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते.

पण लिनक्सची खरी गोष्ट फुकटपणाची नाही. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी एक भूमिका घेतली. जे सॉफ्टवेअर आपण वापरतो ते आतून वाचायचा, बदलायचा आणि दुसऱ्याला द्यायचा अधिकार वापरणाऱ्याला असला पाहिजे, अशी ती भूमिका होती. १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपला प्रोग्राम जगापुढे उघडा ठेवला आणि या विचाराला चालती गाडी मिळाली. बंद सॉफ्टवेअर म्हणजे झाकलेल्या हंडीतले सालन. विश्वास ठेवून खायचे. लिनक्सची चूल अंगणात आहे. कुणीही येऊन बघावे.

इथे एक प्रश्न मला सतावतो. कुणीही बघावे हे खरे, पण मी बघितले का? त्या प्रोग्रामची एक ओळही मला वाचता येत नाही. म्हणजे माझा विश्वास आधीही आंधळा होता आणि आताही आंधळाच. मग फरक काय पडला? याचे उत्तर मला २०२४ च्या एका घटनेत सापडले. लिनक्समध्ये फाइली आवळण्यासाठी 'एक्सझेड' नावाचे छोटे साधन असते. ते सांभाळणारा माणूस थकलेला होता. 'जिया तान' हे नाव लावणाऱ्या कुणीतरी दोनेक वर्षे त्याला मदत केली, विश्वास कमावला आणि मग त्यात गुपचूप एक चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकावर लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असे जाणवले. त्याने खोदून पाहिले आणि मार्चअखेर तो दरवाजा उघडकीस आला. तो अजून चाचणीच्या आवृत्त्यांपर्यंतच पोचला होता. मजा म्हणजे फ्रॉइंड नोकरीला होते मायक्रोसॉफ्टमध्ये.

या घटनेतून काही जण म्हणतात, पाहा, उघडे ठेवल्याने घात झाला. काही म्हणतात, उघडे होते म्हणूनच सापडले. मला दोन्ही बाजू अर्ध्या खऱ्या वाटतात. दार उघडे असणे म्हणजे पहारा नव्हे. पहारा माणूस देतो. पण ज्याला शंका आली त्याला आत जाऊन पाहता येणे, कुणाच्या मेहरबानीशिवाय, हा फरक लहान नाही. मी साक्षीदार नसलो तरी साक्ष होऊ शकते, एवढा भरवसा मला मिळतो. आपण बहुतेक व्यवहारांत याच भरवशावर जगतो.

आणि तरीही, लिनक्स असते तर माझी २०२२ ची चूक टळली असती का? मुळीच नाही. तोच तक्ता मी लिनक्सवरून तितक्याच उत्साहाने पाठवला असता. ज्या फोनमधून तो मोहल्लाभर फिरला, त्यातले बहुतेक अँड्रॉइडचे होते आणि अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे. कुलूप कितीही मजबूत असो, किल्ली ज्याच्याकडे अमानत म्हणून ठेवली त्यानेच ती चौकात टांगली, तर कुलूप काय करणार?

एक आक्षेप मात्र मला टाळता येत नाही. खासगीपणाच्या नावाखाली आपल्याकडे अन्यायही झाकला जातो. "घरातली गोष्ट घरातच राहू दे," असे म्हणून किती बायकांची तोंडे बंद केली गेली आहेत! म्हणून मला वाटते, हा हक्क घराचा नाही, माणसाचा आहे. घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसाचा तर आधी. आमच्या मोहल्ल्यात भाऊ बहिणीचा फोन तपासतो, नवरा बायकोचे मेसेज वाचतो, आणि त्याला काळजी म्हणतो. सरकारने किंवा कंपनीने तेच केले की आपण संतापतो. बहिणीने पडदा करावा असा आग्रह धरणारा भाऊ तिच्या फोनला मात्र पडदा ठेवत नाही. कडी आतल्या माणसाच्या हातात असली तर ते घर. बाहेरच्याच्या हातात असली तर त्याला तुरुंग म्हणतात.

आता शाळेत आम्ही थोडे बदल केले आहेत. पालकाला त्याच्या मुलाचीच ओळ दाखवतो. 'शेरा' हा रकाना काढून टाकला आहे. पूर्वी सगळ्या मुलांचा पासवर्ड एकच असे, शाळेचे नाव आणि पुढे एक-दोन-तीन. तोही एका वहीत लिहिलेला. आता मोठी मुले आपला पासवर्ड आपणच ठरवतात. काही जण विसरतात, पुन्हा पुन्हा खटपट करावी लागते. बाजी म्हणतात तसा वेळ फार लागतो. लागू दे.

त्या आईची मी माफी मागितली होती. तिने "ठीक है, सर" म्हटले, पण ते ठीक झालेले नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. तिची मुलगी दहावीत पोचली तेव्हा एक अर्ज भरण्यासाठी संगणकाच्या खोलीत आली. पासवर्डच्या चौकटीपाशी तिची बोटे थांबली. तिने माझ्याकडे पाहिले. मी खुर्ची फिरवली आणि खिडकीतून रस्त्याकडे बघत बसलो. मागे कळा दाबल्याचा आवाज येत राहिला. तो थांबल्यावरही मी मान वळवली नाही. "झालं, सर," असे ती म्हणाली, तेव्हाच वळलो.