शिवीवर हक्क कोणाचा?

दुसऱ्याने तुच्छतेने फेकलेला शब्द उचलून स्वतःच्या छातीवर मिरवणे, ही हिंमत की स्वतःचीच बेइज्जती? शिक्षक म्हणून आम्हाला हा सवाल वारंवार पडतो. बाहेर ऐकलेल्या अपमानाच्या शब्दांनीच मुले एकमेकांना हाका मारतात आणि हसतात. त्यांना रागवावे की समजून घ्यावे?

ज्युलियस ईस्टमन (१९४०-१९९०) या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय संगीतकाराला या सवालाचा भर सभागृहात सामना करावा लागला. त्यांच्या काही रचना चार पियानोंवर एकाच वेळी वाजवल्या जातात. त्यांतल्या दोन रचनांच्या नावात, गोऱ्यांनी काळ्यांना हिणवण्यासाठी वापरलेली शिवीच आहे. जानेवारी १९८० मध्ये शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात त्यांचा कार्यक्रम ठरला, तेव्हा काळ्या विद्यार्थ्यांनीच या नावांना हरकत घेतली. कार्यक्रमपत्रिकेत नावे छापली गेली नाहीत. मग ईस्टमन स्वतः मंचावर आले, नावे उच्चारली आणि अर्थ सांगितला. शेतात राबणाऱ्या ज्या गुलामांच्या कष्टावर अमेरिकेची संपत्ती उभी राहिली, त्या पायाच्या माणसांसाठी आपण हा शब्द वापरतो, असे त्यांचे म्हणणे होते.

विद्यार्थ्यांचे चुकले काय? ज्यांच्या वाडवडिलांनी तो शब्द चाबकासोबत ऐकला, त्यांना तो चाबकासारखाच लागणार. मग ईस्टमन यांचे चुकले काय? तेही त्याच वाडवडिलांचे वारस होते.

आम्हाला वाटते, याचे उत्तर त्यांच्या संगीतातच आहे. आपल्या पद्धतीला ते सेंद्रिय संगीत म्हणत. तिच्यात पुढचा भाग मागच्या भागातले स्वर सोबत घेऊन येतो. नवे स्वर त्यात मिसळतात, जुने हळूहळू गळतात. शब्दाचेही तसेच आहे. नवा अर्थ दिला म्हणून जुनी जखम त्याच क्षणी भरत नाही.

म्हणून, वाचकहो, जखम सोसणाऱ्याचा शब्दावर हक्क आहे, पण तो एकट्याचा नाही. ज्या भावंडांना तो शब्द अजून बोचतो, त्यांच्यासमोर उभे राहून त्याचा हिशेब द्यावा लागतो. ईस्टमन यांनी तो दिला. त्यांचे त्या दिवशीचे निवेदन २००५ मध्ये त्या रचनांसोबतच सीडीवर प्रसिद्ध झाले.

वर्गातही नुसते 'गप्प बसा' म्हणून भागणार नाही. शब्द कोठून आला, कोणाला लागतो, हे मुलांना विचारावे लागेल आणि त्यांचे उत्तर ऐकण्याची तयारीही ठेवावी लागेल.