पडद्यावरची आग

परळी वैजनाथच्या एका घरी प्रार्थना आटोपून आम्ही निघण्याच्या बेतात होतो. घरातला चौदा वर्षांचा मुलगा मोबाईलवर खेळत होता. आमच्या देखत त्याने एक तेलसाठा उडवून दिला. पडदा लाल झाला, गुण वाढले. “अरे, एवढे तेल जाळून काय मिळवलेस?” असे आम्ही विचारले. तो म्हणाला, “फादर, तेलामुळंच तर पृथ्वी तापते. साठाच उरला नाही तर बरंच की!” त्याचे वडील ‘थर्मल’मध्ये कंत्राटी कामगार, ते मुकाट्याने ऐकत होते.

असल्या खेळांना सरसकट पाप ठरवणाऱ्यांपैकी आम्ही नाही. लहानपणी चोर-शिपाई आम्हीही खेळलो, आणि चोर होण्यासाठी भांडलोही. परंतु मुलाचा युक्तिवाद हसण्यावारी नेणे आम्हांला जमले नाही, कारण थोर अभ्यासकही तो करतात. स्वीडनच्या आन्द्रेआस माल्म यांनी २०२१ मध्ये पुस्तक लिहून असे मांडले की, जीवितहानी टाळून तेल-कोळशाच्या यंत्रणेची मोडतोड करणे हवामानाच्या चळवळीने वर्ज्य मानू नये. हेतू उदात्त आहे. सेमिनरीत मात्र आम्हांला हेतूबरोबरच कृतीचे स्वरूप आणि तिचे परिणामही तपासण्यास शिकवले होते.

१९९१ मध्ये माघार घेणाऱ्या इराकी सैन्याने कुवेतमधील सहाशेहून अधिक तेलविहिरी पेटवल्या. शेवटची आग विझायला नोव्हेंबर उजाडला. जे तेल जळले नाही, त्याची वाळवंटात तळी साचली. २६ सप्टेंबर २०२२ रोजी बाल्टिक समुद्राखालील नॉर्ड स्ट्रीम वायुवाहिन्या स्फोटांनी फुटल्या. त्या वेळी त्यांतून पुरवठा चालू नव्हता, तरी आत भरून राहिलेला चार लाख टनांहून अधिक मिथेन बाहेर पडला. आणि मिथेन तर कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पटींनी उष्णता धरून ठेवतो. ही दोन्ही कृत्ये पर्यावरणासाठी झाली नव्हती, हे खरे. पण तेल कोणी, कशासाठीही पेटवले तरी धूर तोच निघतो, आणि तो कोणाच्या छातीत जाईल हे पेटवणाऱ्याच्या हाती राहत नाही. जीवितहानी टाळण्याचे वचन मग पाळायचे कसे? त्या मुलाच्या खेळात नेमका एवढाच भाग गाळला होता.

तथापि एवढे सांगून त्याला गप्प करणे परळीत तरी शोभले नसते. इथे कोणी स्फोट न करताही भोवतीच्या शेतांवर राख बसते. आग लावणारा दिसतो. राख सोडणाऱ्याला आपण गुन्हेगार म्हणत नाही, उलट त्याच्याच विजेवर आमच्या चर्चचे दिवे लागतात.

तेवढ्यात वडील बोलले. २०१३ च्या फेब्रुवारीत दुष्काळाने पाणी आटले आणि केंद्र बंद पडले. “तेव्हा हा दोन वर्षांचा होता, फादर. काम गेलं. याला घेऊन आम्ही दोघं ऊसतोडीला गेलो.”

मुलाने मोबाईल खाली ठेवला. “मग थर्मल कधी बंदच करायची नाही का, बाबा?”

“करा की. पण आधी सांगा, आणि दुसरं काम दाखवा.”