ते सात कोण?

मेक्सिको सिटी हे शहर डोंगरांच्या परातीत वसले आहे. तेथला धूर लवकर बाहेर पडत नाही. गेल्या शतकाच्या अखेरीस काही लोकांच्या ध्यानात आले की, आपली म्हातारी कुत्री भांबावल्यासारखी वागतात, धन्यालाही ओळखत नाहीत. ज्याच्यावाचून धर्मराजाने स्वर्ग नाकारला, त्या इमानी प्राण्याने धन्याला विसरावे! लिलियन काल्देरॉन-गार्सिदुएन्यास या विदुषीने अशा कुत्र्यांचे मेंदू तपासले. स्वच्छ हवेच्या गावांतील कुत्र्यांपेक्षा त्यांत अमिलॉइड नावाच्या प्रथिनाचे साठे अधिक होते. अल्झायमर झालेल्या माणसाच्या मेंदूत साचते ते हेच.

पुढे कॅनडातील ओंटारिओ प्रांतात सुमारे ६६ लाख लोकांच्या नोंदी चाळण्यात आल्या. २०१७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, मोठ्या रस्त्यापासून ५० मीटरांच्या आत राहणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ३०० मीटरांपलीकडच्यांपेक्षा ७ टक्के अधिक. एवढ्यावरून धूरच दोषी ठरत नाही, हे खरे. तथापि २०२० साली ‘लॅन्सेट’च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या धोक्यांत दूषित हवेची गणना केली.

धूरच दोषी असे क्षणभर धरून चालू. म्हणजे जेथे शंभर रोगी व्हायचे, तेथे एकशे सात झाले. ते सात कोण? कोणाही वैद्याला बोट दाखवून सांगता येणार नाही. आपल्या न्यायबुद्धीला एक गुन्हेगार लागतो नि एक फिर्यादी. येथे गुन्हेगार म्हणावे तर मोटार हाकणारे सगळेच. त्यांत तुम्ही आम्ही आलोच. (मुलांच्या फुलबाज्यांवर आजच डोळे वटारू नका, रोजचा धूर मोठ्यांचा आहे.) आणि फिर्यादी? घर लुटले गेलेला मनुष्य निदान काय गेले ते सांगतो. येथे जे गेले तीच साक्ष होती.

काहीजण म्हणतील, बळी कोण ते ठाऊक नाही, मग दोष कसला? मला हे पटत नाही. सातांची नावे कळत नाहीत म्हणून ते शून्य होत नाहीत. उलट एकशे सातही घरांना विचारण्याचा हक्क पोचतो.

रस्ता रुंद होतो तेव्हा ज्याची जमीन गेली त्याला भरपाई मिळते. मागचे घर, काल आत होते ते आज रस्त्याच्या कडेला येते. त्याचे काहीच गेलेले नाही, असे कागद सांगतो. त्या घरातल्या आजोबांना अजून सगळ्या नातवंडांची नावे पाठ आहेत.