मोहोराची थंडी आणि साखळीतला जीव

माउली, मार्गशीर्ष सरत आला की आपल्या रत्नागिरीत जो तो एकच मागणे मागतो, थंडी पडू दे. थंडी पडली तर हापूसला मोहोर येतो आणि मोहोर टिकला तर चैत्र-वैशाखात घर चालते. देवळात माळ ओढतानाही बागायतदाराचे अर्धे लक्ष वाऱ्याकडे असते, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. वारकरी प्रपंचात राहूनच परमार्थ करतो. पण आपण मागितलेली ती थंडी रात्री आणखी एका जिवाच्या अंगावर पडते. बागेच्या कडेला, कलमाच्या बुंध्याशी साखळीने बांधलेला राखणीचा कुत्रा. त्याच्याविषयी आज बोलायचे आहे.

तुम्ही म्हणाल, रत्नागिरीची थंडी ती कसली! खरे आहे. किनाऱ्याला पौषातल्या रात्रीही पारा साधारण 18-19 अंशांच्या आसपास असतो. धडधाकट, मोकळ्या कुत्र्याला तेवढ्याने काही होत नाही. तो गोठ्यात शिरतो, पेंढ्याच्या उडवीत बीळ करतो, चुलीच्या कोमट राखेत जाऊन पडतो. थंडीवरचे त्याचे औषध त्याच्या चार पायांत आहे. साखळी घातली की ते औषध आपण काढून घेतो. कातळावर दिवसा तापलेला दगड उघड्या आभाळाखाली लवकर निवतो, पहाटे दव पडते, आणि भिजलेल्या केसांत ऊब राहत नाही. देवरूख, संगमेश्वरच्या बाजूला, सह्याद्रीच्या पायथ्याशी गारठा आणखी जास्त. कुत्र्याच्या अंगाची उष्णता आपल्यापेक्षा थोडी अधिक, 38 ते 39 अंश असते. ती राखण्यासाठी तो नाक शेपटीत खुपसून वेटोळे करतो. म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे आखडतात, सकाळी उठताना त्याचे मागचे पाय लटपटतात. शिवाय आपल्याकडे बिबट्याचे भय आहेच. मोकळा कुत्रा निदान पळू तरी शकतो.

नामदेवरायांची गोष्ट तुम्हाला सांगायला नको. कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. कीर्तनात हा प्रसंग आला की आपले डोळे भरून येतात. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. नामदेवांचा तो कुत्रा मोकळा होता. नामदेवांनी त्याला बांधले नव्हते, त्याच्याकडून काही काम घेतले नव्हते, त्याचे ते काही लागत नव्हते. तरी धावले. म्हणून ती भूतदया. आपल्या बागेतल्या कुत्र्याला आपण साखळी घातली, वानरांवर आणि चोरांवर भुंकायचे काम दिले आणि त्या कामावर आपला मोहोर, आपली कैरी सांभाळली. त्याला कोरडी जागा देणे याला दया म्हणणे मला पटत नाही. ते देणे आहे. दया करणाऱ्याला आज केली, उद्या नाही, अशी मोकळीक असते. देणेकऱ्याला ती नसते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. माणसांना पांघरूण नाही आणि तुम्ही कुत्र्यांचे काय घेऊन बसलात? आक्षेप पोकळ नाही. आपल्या बागांमध्ये दूर नेपाळातून आलेला राखणदार पत्र्याच्या खोपीत राहतो, त्याला आधी घोंगडी मिळाली पाहिजे. पण बागेत रात्री जाऊन पाहा. शेकोटीशी बसलेला तोच राखणदार कुत्र्याला जवळ ओढतो, आपल्यातले गोणपाट त्याच्याखाली सरकवतो. ज्याच्याकडे थोडे आहे त्याला हा हिशेब अवघड जात नाही.

दुसरा आक्षेप असा की देवाने त्याला केस दिले आहेत, कोल्हा काय रजई घेऊन झोपतो? कोल्ह्याला बीळ असते, माउली. कुत्र्याने माणसाच्या दारासाठी ते कधीच सोडले. आणि दारही आता पूर्वीचे राहिले नाही. शेणाने सारवलेली उघडी पडवी गेली, तिथे फरशी आणि ग्रिल आले. रात्री ग्रिलला कुलूप लागते आणि कुत्रा बाहेर. घर आपले आहे, ते बंद करण्याचा हक्कही आहे. पण मग त्याची सोय दुसरीकडे लावण्याचे काम आपल्याकडेच राहते. 1960 च्या प्राण्यांवरील क्रूरतेच्या कायद्यातही आखूड वा जड साखळीने जनावर अवाजवी वेळ बांधून ठेवणे आणि पाळलेल्याला पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणे हा गुन्हा धरला आहे. वारकऱ्याला कायद्याचा धाक दाखवावा लागू नये, एवढेच म्हणतो.

करायचे ते फार नाही. भात झोडून झाल्यावर पेंढा घरात असतोच. जुनी फळी किंवा आंब्याची मोडकी पेटी पालथी घालून तिच्यावर तो जाडसर पसरा, वर आडोसा द्या, तोंड वाऱ्याच्या उलट बाजूला. चादरीपेक्षा पेंढा बरा, कारण चादर दव पिऊन ओली राहते. साखळी एवढी लांब हवी की तो आत जाऊन वळू शकेल. कुंपण नीट असेल तर रात्री सोडलेलाच बरा. भाकरी संध्याकाळी थोडी जास्त घाला आणि पाणी वेगळ्या भांड्यात ठेवा, फवारणीच्या ड्रमाशी त्याला जाऊ देऊ नका. रेबीजची लस दर वर्षी टोचून घ्या, म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मुलांचीही काळजी घेतली जाते.

कुत्री व्यालेली असेल तर तिला मुळीच बांधू नका. पावसाळा सरता सरता माजावर आलेल्या कुत्रीला सुमारे 63 दिवसांनी पिल्ले होतात, म्हणून काकड्याच्या दिवसांपासून देवळाच्या पायरीखाली कुईकुई ऐकू येते. पहिले दोन आठवडे पिल्लाला स्वतःची ऊब राखता येत नाही, आईचे पोट हीच त्याची चूल.

संध्याकाळी हरिपाठ झाला की बॅटरी घेऊन एकदा बागेच्या कडेपर्यंत जाऊन या. नामदेवांना धावावे लागले होते, आपला तर बांधलेलाच आहे. पेंढ्यात हात घालून पाहा. ओला लागला तर काढून टाका, कोरडा घाला.