हेतू कुणाचा, दात कुणाचे?

इंग्लंड आणि वेल्समध्ये कोल्ह्याच्या बिळात कुत्रा सोडायला २००५ पासून बंदी आहे. या बंदीला एक अपवाद आहे, आणि तो मासलेवाईक आहे. बंदुकीने टिपण्यासाठी जपलेल्या फेझंटसारख्या पक्ष्यांचं कोल्हा नुकसान करत असेल, तर जमीनमालकाची लेखी परवानगी जवळ बाळगून एकच टेरिअर बिळात उतरवता येतो. कोल्हा बाहेर आला की त्याला ताबडतोब गोळी घालायची. मेंढपाळाची कोकरं वाचवायला मात्र बिळातल्या टेरिअरची ही सवलत नाही. पुढे हौसेने मारायच्या पक्ष्यासाठी आज कोल्ह्याच्या घरात कुत्रा घुसवता येतो, पोटासाठी पाळलेल्या मेंढीसाठी नाही.

सरदार-जमीनदारांच्या देशातला तऱ्हेवाईकपणा म्हणून हे हसण्यावारी नेता येईल. पण अपवादाची रचना नीट पाहिली तर कायदा कोल्ह्याच्या मरणाबद्दल फारसं बोलतच नाही. तो विचारतो की कुत्रा कशासाठी सोडला. सगळी भिस्त माणसाच्या हेतूवर आहे आणि तो हेतू अमलात आणणारा प्राणी मात्र दुसराच. कुत्र्यांकरवी होणाऱ्या शिकारीचा सगळा पेच या फटीत दडला आहे.

आधी ही शिकार चालते कशी, ते पाहू. हा कोल्हा म्हणजे आपल्या माळरानावरच्या खोकडाचा तांबडा, अंगाने मोठा भाऊबंद. त्याच्या मागावर असतात फॉक्सहाउंड. त्यांची मोजदाद जोड्यांनी होते. पस्तीस कुत्रे असतील तर ‘साडेसतरा जोड्या’ म्हणायचं. ते नजरेने नव्हे, नाकाने शिकार करतात. झुडपात पांगलेल्या कळपातल्या एखाद्याला वास लागला की तो ओरडतो, भरवशाच्या कुत्र्याचा आवाज ओळखून बाकीचे त्याला साथ देतात आणि कळप सुटतो. मागे घोडेस्वार. कोल्हा सापडला तर कळप त्याला संपवतो. तो बिळात शिरला तर टेरिअरवाल्यांची पाळी येते.

टेरिअरचं काम चिखलातलं. त्याची छाती माणसाच्या दोन पंज्यांच्या कवेत मावेल एवढीच असावी लागते, नाहीतर तो बिळात अडकतो. आत गेल्यावर त्याने कोल्ह्याला मारायचं नसतं. समोर उभं राहून भुंकत त्याला एका जागी अडवून धरायचं असतं. वर माणसं जमिनीला कान लावून भुंकणं कुठून येतंय याचा अंदाज घेतात आणि नेमक्या त्या जागी फावड्याने खणतात. अलीकडे कुत्र्याच्या गळ्यात ठावठिकाणा सांगणारा पट्टा असतो, पण फावडं तेच. जुन्या टेरिअरच्या थोबाडावरचे वण त्याच्या नोकरीचा इतिहास सांगतात. डेव्हन परगण्यातल्या जॉन रसेल या पाद्रीबुवांनी एकोणिसाव्या शतकात असे कुत्रे जोपासले. त्यांचं नाव मिरवणारी जात आज जगभर दिवाणखान्यातल्या सोफ्यावर लोळते.

या शिकारीचं जुनं समर्थन म्हणजे कोल्हा उपद्रवी आहे आणि कुणीतरी त्याचा बंदोबस्त करायला हवा. इतिहास मात्र वेगळं सांगतो. अठराव्या शतकात लेस्टरशरमधल्या ह्यूगो मेनेलने वेगवान कुत्र्यांची पैदास केली आणि कोल्ह्याची शिकार हा श्रीमंतांचा भरधाव खेळ झाला. खेळ म्हटला की खेळगडी हवा. मग कोल्हे कमी पडू लागले. त्यांच्यासाठी झुडपं लावली गेली, विटा आणि नळ वापरून कृत्रिम बिळं बांधली गेली, युरोपातून पिंजऱ्यात घालून कोल्हे आणून विकले गेले. ज्या जमीनदाराने कोल्ह्याला गोळी घातली तो चारचौघांत बदनाम होई. कोंबड्या गेल्याची भरपाई शिकारी मंडळ शेतकऱ्याला देई. शत्रूची अशी बडदास्त कुणी ठेवत नाही.

२००० मध्ये लॉर्ड बर्न्स यांच्या समितीने या प्रकरणाची चौकशी केली. नोंदणीकृत कळप वर्षाला साधारण २१ ते २५ हजार कोल्हे मारतात, असा तिचा अंदाज होता. इतर कारणांनी मरणाऱ्या कोल्ह्यांच्या मानाने हा वाटा लहान. पुढच्याच वर्षी जनावरांत लाळ-खुरकताची साथ आली आणि शिकार जवळपास दहा महिने बंद राहिली. कोल्ह्यांची संख्या वाढली का, हे संशोधकांनी तपासलं. लक्षणीय फरक आढळला नाही. बंदोबस्ताचा मुद्दा तिथे बराचसा ढासळला.

बराचसा, पण पूर्ण नाही. बर्न्स समितीने एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली होती. वेल्स आणि कंब्रियाच्या डोंगराळ भागात रात्री दिवा लावून रायफलने कोल्हा टिपणं नेहमी जमत नाही. तिथे कुत्र्यांचा खरा उपयोग आहे. तिथली शिकारही पायी चालायची, लाल कोटांचा थाट नसायचा. विणीच्या हंगामात रोज पहाटे कोकरं मोजणाऱ्या माणसाला लंडनच्या खासदाराने भूतदया शिकवावी, याचा राग समजण्यासारखा आहे. सप्टेंबर २००२ मध्ये सुमारे चार लाख लोक लंडनच्या रस्त्यावर उतरले, त्यांत हा रागही होता. उमरावांच्या सभागृहाचा विरोध डावलून २००४ मध्ये शिकारबंदीचा कायदा झाला आणि २००५ मध्ये तो अमलात आला. ज्यांच्या कारकिर्दीत तो झाला त्या टोनी ब्लेअर यांनीच पुढे आत्मचरित्रात त्याबद्दल खेद व्यक्त केला.

कायदा आला आणि शिकारी मंडळं होती तिथेच राहिली. तेच घोडे, तेच कुत्रे, तीच शिंगं. आता म्हणे ती ‘ट्रेल हंटिंग’ करतात: कुणीतरी आधी जाऊन वासाचं फडकं ओढत माग तयार करायचा आणि कुत्र्यांनी त्यावर धावायचं. वाटेत खरा कोल्हा उठला आणि कळप त्याच्यामागे गेला तर तो अपघात. आणि अपघाताला हेतू नसतो. एक्समूरच्या एका प्रकरणात उच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट केलं की कोल्हा नुसता शोधणं म्हणजे शिकार नव्हे. त्यामुळे घोड्यावरच्या माणसाच्या मनात काय होतं, हे सरकारी पक्षाला सिद्ध करावं लागतं. ऑनलाइन बैठकीतल्या बोलण्यावरून शिकारी संघटनेच्या एका पदाधिकाऱ्याला २०२१ मध्ये दोषी ठरवलं गेलं, पण अपिलात तो सुटला. मनातलं सिद्ध करणं सोपं नसतं.

दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून गोळी झाडण्याची आपल्याकडची रीत इथे अक्षरशः अमलात येते. फरक एवढाच की खांदाही जिवंत आहे आणि बंदूकही तोच. कळपाने मारलं तर मालक नामानिराळा.

पण हा कळप घडतो कसा? फॉक्सहाउंडची पिल्लं लहानपणी शेतकऱ्यांच्या घरी वाढायला ठेवतात. कोंबड्या, मांजरं, मेंढ्या, पोरंटोरं यांच्यात ती मोठी होतात, म्हणजे पुढे त्यांच्या अंगावर जात नाहीत. कुत्राघरात परत आल्यावर नवख्याच्या गळ्यातला पट्टा जुन्या कुत्र्याच्या पट्ट्याशी जोडून त्याला फिरवतात. हरणामागे धावला की दरडावणी आणि चाबकाचा आवाज. बंदीपूर्वी शरद ऋतूत कोल्ह्याच्या पिल्लांवर सोडून त्याला नेमका कुणाचा पाठलाग करायचा ते शिकवत. धावण्याची उमेद संपली की बहुधा गोळी.

हे सगळं समोर ठेवलं की अपघाताचा बचाव तग धरत नाही. डोळ्यांसमोरून उड्या मारत जाणाऱ्या हरणाकडे न पाहण्याची शिस्त ज्या कुत्र्याला लावता येते, त्याला कोल्हा सोडून द्यायला शिकवता आलं नसतं? आलं असतं. इंग्लंडमध्येच ब्लडहाउंडचे कळप पळणाऱ्या माणसाच्या वासामागे धावतात. घोडे, कुंपणं, थरार सगळं तेच; माणूस संध्याकाळी घरी जेवायला जातो. कोल्ह्याच्या मुताचा वास फडक्याला लावण्याची गरज तिथे पडत नाही. ट्रेल हंटिंगवाल्यांनी तोच वास निवडला, कारण कायदा रद्द होईल त्या दिवसासाठी कुत्र्यांचं नाक तयार ठेवायचं होतं.

आपल्याकडेही हा खेळ आला होता. पुणे-खडकीच्या छावणीत, मुंबईत आणि निलगिरीत उटीला साहेबांनी बोटीने फॉक्सहाउंड मागवले आणि तांबड्या कोल्ह्याच्या जागी इथला कोल्हा (जॅकल) धरला. ऊन चढलं की वास विरायचा, म्हणून अंधारातच निघायचं. याच मुलखातला कारवानी कुत्रा नजरेने शिकार करणारा; मुधोळच्या घोरपडे राजांनी ही जात जोपासली. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर त्याचं पिढीजात काम बेकायदा ठरलं. तो शेताची राखण करू लागला आणि लष्कराने मुधोळची पिल्लं मेरठला नेऊन त्यांना पहाऱ्याच्या कामासाठी तयार करून पाहिलं. माणसाने काम बदललं की कुत्रा नवं काम शिकू पाहतो.

म्हणून मला वाटतं, २००४ च्या कायद्याने चुकीच्या जागी पाहिलं. कामाचा कुत्रा म्हणजे माणसाने पैदाशीतून आणि तालमीतून जिवंत प्राण्यात साठवलेला हेतू. तो शोधायला घोडेस्वाराच्या मनात डोकावण्याची गरज नाही. कुत्राघरात जावं, पिल्लाला कोणत्या वासावर शाबासकी मिळते आणि कोणत्या वासावर चाबूक वाजतो ते पाहावं. ब्रिटनच्या मजूर पक्षाने २०२४ च्या जाहीरनाम्यात ट्रेल हंटिंगवर बंदी घालण्याचं वचन दिलं. ती बंदी लिहिताना मसुदाकारांनी मालकाला एवढंच विचारावं: तुझ्या कुत्र्याला तू काय शिकवलंस? त्याच्या उत्तराची जबाबदारी मालकाची, कारण ती शिकवणी कुत्र्याने स्वतः निवडलेली नाही.